चार सेकंद

दिल्लीहून पत्र आलं, जाड कागदाचं :
वर्षातली सर्वोत्तम शास्त्रीय ध्वनिमुद्रिका.
खाली नावं. बाईंचं ठळक, मग तबला, पेटी.
तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचं नाही.
माझं आहे, सगळ्यात शेवटी,
आडनावातला एक काना गाळून.

परीक्षक लिहितात,
'एकतिसाव्या मिनिटाला कोमल निषादावरचा तो अनपेक्षित मुक्काम
केवळ चिंतनातूनच येऊ शकतो.'
मी हे दोनदा वाचलं.
मग हेडफोन शोधला.

एप्रिलची दुपार, नव्या पेठेतला पहिला मजला.
एसीनं घसा धरतो म्हणून बाईंनी तो बंद करवला
आणि खिडकी बोटभर उघडली.
भीमपलास रंगला होता.
षड्जाकडे निघालेल्या बाई श्वासापुरत्या थांबल्या,
आणि खालून, बोळातून,
रद्दीवाल्यानं हाक घातली,
पेऽऽऽपर...
नेमकी निषादावर.
षड्ज एका पायरीवर, आणि हा काही वर चढेना.

बाईंनी डोळे उघडले नाहीत.
जिन्यात सापडलेली किल्ली उचलावी,
कुणाची ते मागाहून विचारू म्हणून,
तसा तो निषाद त्यांनी उचलला
आणि धरून बसल्या.
सम आली, गेली.
हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काचेआड, गप्प.

रात्री मी हाक कापली.
चार सेकंद.
तंबोरा तंबोऱ्याला जोडला,
सांधा आता मलासुद्धा सापडत नाही.
स्वच्छ केलं, असं वाटलं होतं.

फोनवर बाई हसल्या, मग खोकल्या.
"त्याचं नाव घातलंस का रे कुठं?"
म्हटलं, नाव माहीत नाही.
"मग म्हणू देत चिंतन."

रविवारी तो आला. महिन्याची रद्दी काढली.
साडेचार किलो.
वरच्याच अंकात बाईंचा फोटो, हातात सन्मानचिन्ह,
सुतळी त्यांच्या खांद्यावरून आवळली गेली.
मी विचारलं, "नाव काय तुमचं?"
"का? वजन कमी वाटलं?"
आणि त्यानं काटा पुन्हा उचलून दाखवला.

पैसे देऊन तो सायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला.
तिथून हाक.
आज जरा उतरलेला होता, उन्हानं असेल.
मी खिडकीत उभा राहिलो,
चार सेकंद, थोडे जास्तच,
वर कुणी उचलतंय का ते ऐकत.