तीन पिवळ्या तारा

हेमांगीने कॅलगरीहून जाकीट पाठवलं,
अस्तरात तारा विणलेलं,
जोडीला हातमोजे. खोक्यावर लिहिलेलं:
बारा व्होल्ट, कुठल्याही मोटरसायकलला चालतं.

चाललं.
चार रात्री.

लष्करातून साडेनऊला निघायचं,
गोला का मंदिर, विमानतळाची लांबच लांब भिंत,
मग भिंडचा रस्ता, आणि मालनपुरात
बिस्किटांची भट्टी दोनशे तीस अंशांवर.
आठ तास तिच्यापुढे घाम पुसायचा
आणि जाता-येता दात वाजवायचे,
अशी अकरा वर्षं.
त्या चार रात्री मात्र छातीवर
कुणीतरी ताजी इस्त्री केलेला सदरा ठेवल्यासारखं.

पाचव्या पहाटे बटण दाबलं.
टक्.
एवढंच.
गेटवरचे भदौरिया शाल सावरत ढकलायला आले,
म्हणाले, साहेब, गाडीलाही थंडी वाजते.

मी नवी बॅटरी घेतली. चौदाशे रुपये.
तीन रात्रींनी पुन्हा टक्.

हजिऱ्यात मुंतजिर मिस्त्री बिलाकडे बघून हसला नाही,
तेच जास्त लागलं.
म्हणाला, बॅटरी तो डिब्बा है, भैया.
आटा कहाँ से आ रहा है, वो देखो.

मीटरच्या दोन काड्या, लाल आणि काळी.
गाडी बंद: बारा पूर्णांक चार.
चालू करून मूठ पिळली: तेरालाच अडकलेली,
चौदाच्या उंबऱ्याशीसुद्धा येईना.
मग सीटखालून त्याने तीन पिवळ्या तारा ओढल्या,
जोडी जोडी करून तपासल्या,
पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली,
तिन्ही बहिणी सारख्याच बोलत होत्या.
कॉईल शाबूत.
जोडणीचा ठोकळा उघडला तेव्हा दिसलं:
एक पिन काळपट तपकिरी,
भोवतीचं प्लास्टिक पाकातल्या गुळासारखं ओघळून थिजलेलं.

ठोकळा कापून त्याने तारा थेट डागल्या.
रोझिनचा धूर, त्याच्या तोंडातली लवंग.
मूठ पिळली. चौदा पूर्णांक एक.
मी पाकिटाला हात घातला.
तो म्हणाला, थांबा. आता जाकीट लावा.

लावलं. काटा उतरला.
हातमोजे लावले. अजून.
मूठ सोडली, आणि अकरा पूर्णांक नऊ.

आता गाडी बरी आहे, तो म्हणाला, हिसाब बीमार है.
फरशीवर खडूने मांडून दाखवलं:
दिवा इतका, ठिणगी इतकी, छाती पासष्ट, हात तीस.
पाच हजार फेऱ्यांना सगळं पुरतं.
पण पाच हजार फेऱ्या कुठल्या रस्त्यावर?

मला आठवलं.
ज्या रात्री सगळ्यात गार, त्या रात्री धुकं.
धुकं म्हणून मी वीसच्या वर जात नाही,
पुढच्या ट्रकचा लाल ठिपका धरून सरपटतो.
मी हळू, म्हणून इंजिन हळू, म्हणून वीज थोडी.
मागणी सगळ्यात जास्त
नेमकी त्याच घटकेला, जेव्हा देणारा दमलेला.
हे मला बावन्नाव्या वर्षी
ग्रीसने माखलेल्या फरशीवर कळलं,
आणि कॉईलखेरीज आणखी दोनतीन माणसं आठवली,
ज्यांच्याकडे मी ऐन धुक्यात प्लग घेऊन गेलो होतो.

दोन्हींतलं एक निवडा, मिस्त्री म्हणाला.
छाती की हात?

हात म्हटलं.
ब्रेक हातात आहे.

हेडलाईटला त्याने कमी खाणारा दिवा बसवला,
हँडलवर अंगठ्याएवढा काटा,
तेराखाली गेला की मोजे बंद करायचे.
रविवारी हेमांगीचा फोन. जाकीट घालतोस ना?
घालतो म्हटलं.
खोटं नाही. वारा तरी अडतो,
आत छातीशी कालचं वर्तमानपत्र,
आणि त्याची वायर खिशात दुमडलेली.

आज गोला का मंदिरच्या सिग्नलला
काटा बारा पूर्णांक आठ.
मी बटण बंद केलं.
आधी करंगळ्या गार झाल्या, मग बाकीची बोटं,
अंगठे शेवटी.
हिरवा व्हायला अजून चव्वेचाळीस सेकंद.