ओझेकरी, पितळी

दाप्सिम्नीच्या जुन्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
प्यो माल-सुन नावाची बाई
त्याला पायमोज्यात गुंडाळून घेऊन आली.
सासू गेली. तांदळाच्या पेटीत सापडला, तळाशी.
राजांच्या काळातला असेल ना?

तक म्हाताऱ्यानं उत्तर दिलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाला, लिही.

उंची एक वीत, त्यात दोन बोटं नुसती टोपी.
टोपी घोड्याच्या केसांची, म्हणजे तशी दाखवलेली,
जाळी कानशीनं ओरखडलेली, घाईघाईत.
पाठीवर चिगे, ओझं वाहायची लाकडी चौकट,
तिच्यावर सरपण. काटक्या अकरा. एक मोडलेली.
डावा पाय पुढे. तोंड मिटलेलं.

मग त्यानं जेवणातल्या काडीनं टोपीवर टिचकी मारली.
टक्.
आवाज तिथंच बसला.
जुनं ठोकीव कासं असतं तर
माझा चहा संपेपर्यंत घुमलं असतं, म्हणाला.
अंगठा घासला, हुंगला.
उलटं केलं: बुडाला हिरवी बनात, वाळका डिंक,
कागदी चिठ्ठीचा कोपरा,
त्यावर एकच अक्षर, परकं.

लिही. ओतीव. साच्याची शिवण डाव्या काखेतून जाते.
काळ, साठ ते सत्तरच्या मधला.
धातू…
इथं तो जरा थांबला.
धातू, तोफगोळ्यांची टरफलं.
पोरं डोंगरातून वेचून आणायची, किलोवर विकायची.
भट्टीत गेली की त्यांचीच कासवं, बदकं, म्हातारे,
छावणीच्या फाटकाशी मांडलेले,
सैनिकांनी घरी न्यावेत म्हणून.

पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच, मला वाटलं.
बाईनं किंमत विचारलीच नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
सासूबाईंच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.
विळा लागला, सांगायच्या.
पण त्यांच्या गावाला शेत कुठं होतं?
नुसता डोंगर.

खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट ओढत होतं.

घासू कशानं? तिनं विचारलं.
कौलाचा भुगा, ओला पेंढा, तक म्हणाला,
पण खांदा सोडून.
खांदा बघ, कसा गुळगुळीत झालाय,
रोज कुणाचा तरी हात फिरलाय तिथं.

तिनं मोजा पर्समध्ये टाकला
आणि त्याला तसाच, उघडा, मुठीत धरून जिना उतरली.

कार्ड माझ्याकडेच राहिलं.
वजन लिहायचं राहून गेलं.