वाटणी

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं, टायरच्या दुकानावर
आमचं ऑफिस. तीन टेबलं, एक राउटर,
खिडकीत शिवलीलाचं कढीपत्त्याचं रोप.
पतसंस्थेचं ॲप आमच्याकडं आहे.
त्यात प्रयोगाची सेवा जोडायची होती.

चावी कोडात ठेवली नाही, बाहेर ठेवली
(मागं एकदा कोडातच राहिली, त्याची बोलणी अजून बसतात).
पान उघडताना सेवेला विचारायचं,
हा माणूस कुठल्या बाजूचा?
डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर आलं नाही
तर जुनंच बटण दाखवायचं, गप्प.
नेट गेलं म्हणून कुणाचा हप्ता अडू नये.

याला फ्लॅग म्हणतात.
शिवलीला म्हणाली, मराठीत झेंडा लिहू नकोस हं.
या गावात नको.
मी खिट्टी लिहिलं.
खिट्टी वर, खिट्टी खाली.

निम्म्यांना निळं बटण, "हप्ता भरा".
निम्म्यांना हिरवं, "आजचं देणं".
कन्नडमधले दोन्ही मजकूर तिनं लिहिले,
माझ्यापेक्षा आखूड आणि बरे.
सेवा नाव बघत नाही, गाव नाही, भाषा नाही.
सभासद क्रमांक कुटून त्याचा एक आकडा करते,
पन्नासाच्या आत आला तर इकडं, नाहीतर तिकडं.
इतकी निर्मळ वाटणी या जिल्ह्यात
मी कधी पाहिली नव्हती.
बैठकीत तसं म्हणालेही.
चेअरमन हसले नाहीत.

चौथ्या दिवशी वडगाव शाखेतून फोन.
काउंटरला गौरव्वा कामकर,
हातात दोन मोबाईल, एक त्यांचा, एक सुनेचा.
"माग एक, कर्ज एक, नावं दोघींची.
हिच्यात निळं, माझ्यात हिरवं,
लिहिलंय बी वेगळं.
आमच्या घरात वाटणी कुणी केली वो?"

प्रयोग आहे, मी म्हणाले.
"कुणावर?"

शिवलीलानं फोन घेतला.
कन्नडमध्ये बोलत राहिली, बराच वेळ.
मला अर्धं कळलं.
मने कळलं, म्हणजे घर.
ओंदे कळलं. एकच.

रात्री सभासद क्रमांक काढून
तिथं कर्जखात्याचा क्रमांक घातला.
एका ओळीचा बदल.
चार दिवसांचे आकडे पाण्यात गेले,
मोजणी पुन्हा शून्यापासून.

तीन आठवड्यांनी निकाल आला.
निळं आणि हिरवं यांत फरक इतका बारीक
की आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.
चेअरमननी निळं ठेवलं. त्यांना निळं आवडतं.
खिट्टी कोडात तशीच आहे,
काढायचं काम माझ्या नावावर.

गौरव्वा अजून काउंटरलाच भरतात, रोख.
मग रस्त्यात थांबून सुनेला फोन लावतात,
बघ गं, पोचलं का.