कडता

ब्रॅडफर्डच्या त्या बंद गिरणीत
पूर्वी लोकर पिंजायचे.
परवाच्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर
दिव्यांचा उन्हाळा लावून गांजा पिकवत होते.
साऱ्या गल्लीत त्या एकाच छपरावरचं बर्फ वितळलं,
तेवढ्यावरून पोलीस आले.

दोनशे बारा किलो.
निकालपत्रात हा आकडा एकोणीस वेळा आलाय, मी मोजला.
दोनशेच्या वर एक पायरी, खाली दुसरी,
आणि मधल्या फटीत आर्दित.
वय तेवीस, गाव श्कोडर, काम पाणी घालायचं.
झोपायचाही तिथेच, कुंड्यांच्या उबेला.

मी वकील नाही. वकिलांच्या कचेरीत
कागदांना नंबर घालतो, भोकं पाडतो, फीत ओवतो.
एका न्यायमूर्तींनी अपिलाची परवानगी
कागदावरच नाकारली, आणि फाइल
गुंडाळून ठेवायला माझ्याकडे आली.
पान सत्त्याऐंशी. जप्तीचा फोटो.
प्लास्टिकच्या पिशवीला, आतून,
थेंब.

माझे वडील सांगलीच्या हळदपेठेत तोलार होते.
हळकुंड कानाशी धरून मोडायचे
आणि आवाजावरून सांगायचे, ओली आहे अजून,
पाण्याचे पैसे कशाला देता?
रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचे, तो कडता.
मापं टाकताना 'एक' कधी म्हणाले नाहीत.
पहिलं माप लाभ. मग दोन. मग तीन.

मी मिस हॅलिवेलना थेंब दाखवला.
म्हटलं, बाई, माल अर्धवट सुकलेला तोललाय.
वरचे बारा किलो नुसतं पाणी.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
परत तोलता येईल?
नाही. नमुना ठेवून बाकीचा जाळला होता.
राखेच्या ओलाव्यावर आता आम्ही भांडणार होतो.

तुरुंगाशी व्हिडिओ जोडून आर्दितला समजावलं:
तिघांपुढे पुन्हा मागता येईल,
पण अर्जात दम नाही असं वाटलं त्यांना
तर भोगलेले दिवस कापतात.
दुभाषी बाई 'कापतात'पाशी अडखळल्या.
तो म्हणाला, पाणी कुणी ओळखलं?
मी खुर्ची जरा कॅमेऱ्यापुढे सरकवली.
त्याने आडवी मान हलवली. माझं काळीज बसलं.
दुभाषी म्हणाल्या, त्यांच्याकडे ह्याचा अर्थ 'हो'.

लंडन. तीन न्यायमूर्ती. अकरा मिनिटं.
मधले म्हणाले, हे आकडे दिशा दाखवण्यापुरते असतात,
न्यायालय म्हणजे वाण्याचा काटा नव्हे.
थेंबाच्या मुद्द्याला ते 'कल्पक' म्हणाले.
वडिलांच्या चाळीस वर्षांच्या विद्येला
विलायतेत मिळालेलं हे एकच विशेषण;
मी ते खाली मान घालून टिपून घेतलं.
मग त्याच सुरात पुढचं वाक्य:
ताकीद असूनही अर्ज पुन्हा आणला, सबब
अठ्ठावीस दिवस शिक्षेत धरू नयेत.

पडद्यावर आर्दितपर्यंत हे जरा उशिरा पोचलं.
तोवर तो हसतच होता, आधीच्या कशाला तरी.
मग त्याने मान वरखाली केली,
शहाण्या मुलासारखी, दोनदा.
म्हणजे नाही.
पडदा निळा झाला.

ओळखलं बरोबरच होतं मी. आजही सांगतो, माल ओला होता.
वडील पेढीच्या पायरीवर बसून म्हणायचे,
न विचारता तोलू नये रे.
तेव्हा वाटायचं, हे मजुरीबद्दल आहे.

लीड्सच्या गाडीत मिस हॅलिवेल झोपल्या.
मी तासांचा तक्ता पुढे ओढला,
केस नंबर, तारीख,
आणि पहिल्या रकान्यात
'लाभ' लिहून बसलो.
खोडलं.
एक.