दोन-चारचं माप

बांबोळीला, थिएटरबाहेरच्या बाकावर,
डॉक्टर शिरोडकरांनी केसपेपरच्या पाठीवर पोट काढलं:
चार टिंबं, खाली एक आडवी रेघ.
टिंबांतून कॅमेरा, कात्री, चिमटे,
कापणं-सांधणं सगळं आतल्या आत.
"मग बाहेर कसं येणार?" मी विचारलं.
वीतभर आतडं, त्यात सुपारीएवढी गाठ,
आणि टिंब पेनच्या टोपणाएवढं.

त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.
"इथं सिझेरियनचा जुना व्रण आहे.
तोच उघडू. नवा कशाला?"

तो व्रण म्हणजे मी.
म्हापशाचं आझिलो, चवथीचा आदला दिवस,
पावणेतीन किलो, आडवा आलेला.

"आतच पिशवीत घालतो, दोरी आवळतो,
रेघेत एक मऊ कडं बसवतो, त्यातून सोडवून घेतो.
ओढायचं नाही. पिशवी फुटली तर
रोग वाढतो."

वाढतो.
माझ्या आईच्या तोंडी हा शब्द वेगळा.
डिचोलीच्या बाजारात ती काकणं भरते, चाळीस वर्षं,
आणि काकण फुटलं असं कधी म्हणत नाही,
वाढलं म्हणते.
मयेची एक नवरी आली होती,
हात दोन-सहाचा, हट्ट दोन-चारचा.
आईनं साबणाचा फेस केला,
अंगठ्याचं मूळ दाबून तळवा केळफुलासारखा मिटला,
"हात सैल सोड गो बाय, तू ओढू नको,
तुझं हाड मला वाट सांगतंय."
एकवीस काकणं गेली. एकही वाढलं नाही.

चार तास.
समोरच्या बाईनं दोनदा पेज देऊ केली,
मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली.

मग दार उघडलं, नाव पुकारलं.
स्टीलच्या ट्रेमध्ये ते होतं,
गुलाबी, ओलं, वाटलं होतं त्याहून साधं.
एका टोकाला काळा दोरा बांधलेला.
"वरची बाजू ओळखायला," सिस्टर म्हणाली.
मला उगीच वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून.

बरणी माझ्याच हातात दिली.
सत्यवती काकणकार, एकोणसाठ, स्त्री.
लॅब उताराच्या खाली, दुसऱ्या इमारतीत.
उजव्या हातात बरणी, तिच्या वासानं डोळे चुरचुरत,
डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेली हिरवी काकणं,
सकाळी नर्सनं कात्री पुढे केल्यावर
आईनं स्वतःच उतरवलेली, अखंड.
पावलागणिक ती वाजत होती.
लोक वळून बघत होते, मी हळू चालायला लागलो.
ज्या वाटेनं मी आलो त्याच वाटेनं आलेलं
हे दुसरं,
आणि याला पोचवायलाही मीच.

खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला.
रिपोर्ट दहा दिवसांनी.
"आणखी वाढलेलं आहे का, ते कळेल?"
"कळेल."

संध्याकाळी आई शुद्धीवर आली.
ओठ कोरडे, मनगटं उघडी, मला ती ओळखू येईनात.
पहिलं विचारलं, दुकान उघडलं होतंस का.
मग बराच वेळ काही नाही.
मग,
"केवढ्यातून काढलं?"
मी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवला.
तिनं मान न उचलता बघितलं,
एक डोळा बारीक करून, गिऱ्हाइकाकडे बघते तशी.

"दोन-चार," ती म्हणाली.
"आणि वाढलं नाही?"

"पिशवी नाही वाढली."

"हात बरा आहे त्याचा,"
असं म्हणून ती झोपली.
बाकीचं मी विचारलं नाही,
तिनंही.