पोचा

उद्यमनगरातल्या भट्टीतली वाळू
जुन्या परकराच्या पिशवीत भरली,
तिच्यावर राजदूतचं साईड कव्हर पालथं;
लाकडी हातोडा नव्हता, म्हणून धोपाटणं.

पत्रा आधी ऐकत नाही.
मग जरासं ऐकतो.

पॉलिश पेपरखाली रंग उलटे निघाले:
काळा, शेवाळी,
आणि आबांनी एका दिवाळीत
गेटचा उरलेला मारलेला लाल.

मधला पोचा ठोकणार, तेवढ्यात आई
ओल्या हातानं बाहेर आली.
"त्यो ऱ्हाऊ दे.
तिथं माझी टाच बसती."

आबा गेल्यापासून गाडीनं
गंगावेस बघितलेली नाही.
चार वर्षं.

मी लांबीचा डबा झाकला,
टाचेएवढी जागा सोडून
घासत राहिले.

धोपाटणं मात्र
तिनं मागून नेलं.