मुसकं

हावझेनच्या उतारावर आमचं खळं,
शेणानं सारवलेलं, ताटासारखं गोल.
तीन बैल पातीला. खुरांखाली जव कडकडतात.
त्यांच्यामागून किरोस फिरतो सकाळपासून,
हाका घालून घालून त्याचा घसा फाटलाय.

बैलांना मुसकं घालायचं नाही, हा आमच्या घरचा नेम.
सासऱ्यांपासूनचा, त्यांच्याही बापापासूनचा.
मळणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नको,
असं देवानं मोशेला सांगितलं
आणि मोशेनं जणू थेट आम्हालाच.
म्हणून तांबडा मान वाकवतो, कणसांचा घास ओढतो,
आणि मी काठी खाली ठेवते.
येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसतं.
दिसावं, असं मला वाटतंही.

तसा आमचा एक कोपराही न कापता राहतो
गरिबासाठी, परक्यासाठी.
वरच्या अंगाचा, खडकाजवळचा.
तिथं कणीस बोटाएवढंही होत नाही,
हे मी कुणाला सांगत नाही.

रविवारी केशी तेवोल्दे चार जमिनींबद्दल बोलले:
वाट, खडक, काटे, आणि काळी कसदार.
मी मान डोलवत राहिले
आणि मनातल्या मनात शेजारणींना जमिनी वाटून दिल्या.
झाफूला वाट दिली. तिच्या कानावरून सगळेच चालत जातात.
स्वतःसाठी कुठली ठेवली
ते सांगायला नको.

आज दुपारी टोपली उघडली.
सात इंजेरा होत्या, उरल्या पाच.
"कुणी खाल्ल्या?"
किरोस अंगठ्यानं भुसा उकरत राहिला.
बारा वर्षांचं पोर, मजुरीला ठेवलेलं.
एक इंजेरा ठरली होती, तीही ऊन कलल्यावर.
मी बोलले. बरंच बोलले.
आज बुधवार, उपासाचा दिवस, हे सुनावलं.
देव बघतो, हेही.
मग त्याच्या मेलेल्या आईपर्यंत गेले.

तो एका शब्दानं उलटला नाही.
बैल आपले फिरत होते,
तिवड्याभोवती, तोंडं मोकळी,
जबड्यांचा तो ओला, सावकाश आवाज.

खडकाजवळच्या कोपऱ्यात झाफू सरवा वेचत होती.
कंबर सरळ न करताच तिनं विचारलं,
"बैलाचं मुसकं तर तुमच्या घरात कधी नव्हतंच ना गं?
मग हे कुठून आणलंस?"

मी म्हटलं, कुठलं?
आणि म्हणता म्हणताच कळलं.

ती पुन्हा वेचू लागली.
ओंजळीत मावतील एवढे दाणे, तेही अर्धे पोचट.
वाट तिला दिली होती मी.
पण जे पडलं होतं ते तिच्यात रुजलं होतं
आणि माझ्याकडून पाखरांनी केव्हाच नेलं होतं.

संध्याकाळी वारा सुटला.
आम्ही उफणायला घेतलं. लाकडी फावड्यानं उंच उडवायचं,
दाणा सरळ खाली येतो,
भुसा पार ओढ्याकडे जातो.
माझ्या केसात, पापण्यांवर, ओठांवर भुसाच भुसा.
पुसत राहिले. पुसून जात नव्हता.

मग टोपली किरोसच्या पुढ्यात ठेवली, झाकण काढून.
काही बोलले नाही, बोलून झालं होतं.
त्यानं टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि हात मागे घेऊन विचारलं,
"घेऊ का?"

पुढच्या सुगीला कोपरा ओढ्याकडचा सोडायचा,
असं मी त्याच क्षणी ठरवलं.
आता जव कणगीत आहेत, पोट भरलंय,
ठरवणं सोपं आहे. बघू.
पण तो आवाज अजून कानात आहे.
इतक्या वर्षांत तांबड्यानं
कधी असं विचारलं नव्हतं.